कॉलेजच्या जलतरणपटूंचे खांदे : लवचिकता वाढवायची की ताकद?

लेन चार

कॉलेजच्या जलतरण संघाचा जमिनीवरचा व्यायाम नव्याने बसवायचा आहे, त्यासाठी हा धागा. संघात १४ जण, वयं १८ ते २१. बहुतेक फ्रीस्टाइल आणि बटरफ्लायवाले, तिघं बॅकस्ट्रोकचे, ब्रेस्टस्ट्रोकचा एकच. आठवड्याचे सहा दिवस पाणी, रोज साधारण ४ किलोमीटर, तलाव ५० मीटरचा. ड्रायलँडला, म्हणजे या जमिनीवरच्या व्यायामाला, आठवड्यातून तीनदा पाऊण तास मिळतो. सामान म्हणाल तर रबरी बँड, अर्ध्या किलोपासून १० किलोपर्यंतचे डंबेल, एक पुलअप बार, दोन बाक आणि चटया. कॉलेजची जिम आहे, पण संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ती धरूच नका.

सध्या काय चालतं ते सांगतो. पाण्यात उतरण्याआधी जोडीजोडीने स्ट्रेचिंग. एक जण मांडी घालून बसतो, दुसरा मागून त्याचे दोन्ही हात सरळ धरून पाठीमागे एकमेकांजवळ आणतो, मनगटं जवळपास लागेपर्यंत. ड्रायलँडला जोर, बाकावर डिप्स, डंबेलचा चेस्ट प्रेस आणि पुलअप.

चौघांना खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. गंमत अशी की त्यातले तिघं संघातले सगळ्यात लवचिक आहेत. ज्यांचे हात मागे जातच नाहीत त्यांची तक्रार नाही.

विचारायचं हे, की स्ट्रेचिंग ठेवावं का, ठेवावं तर कुणासाठी? आणि पाऊण तासात खांद्यासाठी नेमकं काय बसवावं? मोघम 'कफ (खांद्याच्या सांध्याभोवतीचे छोटे स्नायू) स्ट्राँग करा' नको, सेट आणि वजनासकट सांगा.

सांधेजोड

जोडीने मागे हात ओढणं आजपासून बंद करा. बाकीचं सावकाश बदललं तरी चालेल.

खांद्याची खोबणी मुळात उथळ. दंडाच्या हाडाचं गोल डोकं तिच्यात जेमतेम टेकलेलं असतं. हात सरळ ठेवून मागे ओढले की सुरुवातीला छातीचा स्नायू ताणला जातो, पण त्याची हद्द संपली की पुढचं सगळं ओढणं सांध्याच्या पुढच्या कॅप्सूलवर, म्हणजे सांध्याभोवतीच्या पिशवीवर, येतं. ताणलेला स्नायू पूर्ववत होतो. वर्षानुवर्षं ओढून सैल केलेली कॅप्सूल तशी होत नाही. मग हाडाचं डोकं पुढे सरकायला बघतं आणि त्याला खोबणीत धरून ठेवायचं काम रोटेटर कफच्या चार छोट्या स्नायूंच्या गळ्यात पडतं.

त्यांच्यावर काम किती पडतं बघा. ५० मीटरला ४० हात धरले तर ४ किलोमीटरला ३,२०० हात, म्हणजे एका खांद्याला १,६००. सहा दिवसांत साडेनऊ हजारांच्या वर. तेव्हा तुमच्या संघातले लवचिकच दुखतात यात नवल काही नाही.

'स्विमर्स शोल्डर' हे नाव १९७४ साली केनेडी आणि हॉकिन्स या कॅनडातल्या डॉक्टरांनी रूढ केलं. तेव्हा भर खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) चिमटण्यावर होता. पुढे ऑस्ट्रेलियात ८० तरुण स्पर्धक जलतरणपटूंची पाहणी झाली. त्यातल्या ९१ टक्के जणांनी खांदेदुखी सांगितली, आणि ज्यांचं एमआरआय झालं त्यातल्या ६९ टक्के जणांचं सुप्रास्पायनेटसचं (कफमधल्या वरच्या स्नायूचं) टेंडन बिघडलेलं निघालं. त्याचा संबंध सरळ सरळ आठवड्याच्या किलोमीटरशी आणि तासांशी लागला. म्हणजे दुखणं एका चुकीच्या हालचालीचं कमी आणि थकलेल्या खांद्याने पोहत राहण्याचं जास्त. तुमचे आठवड्याचे २४ किलोमीटर त्या मानाने कमीच आहेत, त्यामुळे नुसतं अंतर कमी करून प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही.

आता मोजणी. स्ट्रेचिंग कुणाला द्यायचं हे डोळ्यांनी ठरवू नका. एका दुपारी १४ जणांचं होतं.

पहिली चाचणी हात वर नेण्याची. पाठीवर झोपवा, गुडघे वाकवलेले, कंबर चटईला चिकटलेली. दोन्ही हात कोपरात सरळ ठेवून डोक्यावरून मागे न्यायचे. कंबर न उचलता दंड जमिनीला टेकायला हवेत. टेकले नाहीत तर दोन्ही गुडघे पोटाशी घ्यायला सांगा. हात आणखी वर उचलले गेले तर लॅट (काखेखालचा पाठीचा मोठा स्नायू) आखडलेला आहे. काहीच फरक पडला नाही तर अडचण पाठीच्या वरच्या मणक्यांत किंवा खुद्द सांध्यात. हे वेगळं करणं महत्त्वाचं, कारण मणका अडलेला असताना लोक खांदाच ओढत बसतात.

दुसरी चाचणी फिरण्याची. पाठीवर झोपून दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, पंजा आढ्याकडे. मोबाइलमधलं कोन मोजायचं अॅप उघडून फोन मनगटाच्या खाली, हाताच्या पुढच्या भागावर धरा. पंजा डोक्याकडे किती जातो तो बाहेरचा फिरणा, पायांकडे किती जातो तो आतला. आतला मोजताना खांद्याचा पुढचा भाग दुसऱ्याने तळहाताने हलकेच दाबून ठेवायचा, नाहीतर खवाटा (खांद्यामागचं चपटं हाड) उचलला जातो आणि वीसेक अंश फुकटचे मिळतात. ऑस्ट्रेलियातच वर्षभर पाठपुरावा केलेल्या दुसऱ्या एका पाहणीत बाहेरचा फिरणा ९३ अंशांपेक्षा कमी असलेले आणि १०० अंशांच्या वर गेलेले, अशा दोन्ही टोकांच्या जलतरणपटूंना दुखापतीचा धोका जास्त दिसला. मात्र ९३ आणि १०० हे आकडे मंत्रासारखे जपू नका, फोनने मोजताना चारपाच अंश सहज इकडेतिकडे होतात. टोकाला कोण आहे तेवढंच ओळखायचं.

तिसरी ताकदीची. बॅगा तोलायचा डिजिटल हँगिंग काटा मिळतो तो घ्या. कोपर अंगाशी, काटकोनात, मध्ये टॉवेलची गुंडाळी. काटा एका टोकाला खांबाला बांधायचा, दुसऱ्या टोकाचा पट्टा मनगटाला. तीन सेकंद बाहेर ओढायचं, मग उलटं उभं राहून आत. प्रत्येकी तीन वेळा, सर्वांत मोठा आकडा धरायचा. बाहेरची ताकद आतल्या ताकदीच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश असावी. पोहण्यात पाणी मागे ढकलणारे लॅट आणि छाती आपोआप तगडे होतात, बाहेर फिरवणाऱ्यांना तेवढं काम मिळत नाही, म्हणून हे गुणोत्तर घसरतं. ६० टक्क्यांच्या खाली असेल त्याला कफचा व्यायाम दुप्पट.

माझा अंदाज, १४ पैकी चारपाच जणांनाच स्ट्रेचिंग लागेल, तेही लॅट, छातीचा आतला छोटा स्नायू आणि मणका यांचं. पुढच्या कॅप्सूलचं कुणालाच नको.

जोरबैठक

सांधेजोड यांच्याशी सहमत. पाऊण तासाचं गणित मी देतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार धरलेत. पाण्यानंतर करा, पाण्याआधी नाही. थकलेला कफ घेऊन ४ किलोमीटर पोहायला पाठवणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

सोमवार आणि शुक्रवार ताकदीचे. सुरुवात मोठ्या हालचालींनी: पुलअप ४ सेट, ५ ते ६ वेळा. ज्यांना येत नाही त्यांनी बाकावरून वर उडी मारून चार सेकंदांत खाली उतरायचं. त्यालाच जोडून पुशअप प्लस ३ सेट, १२ वेळा. म्हणजे साधा पुशअप करून वर आल्यावर कोपरं सरळ ठेवूनच जमीन आणखी ढकलायची, दोन्ही खवाटे एकमेकांपासून दूर जाऊन बरगड्यांभोवती सरकले पाहिजेत. एक सेकंद थांबायचं. हा शेवटचा दोन बोटांचा टप्पाच खरा व्यायाम आहे. सेरेटस अँटिरियर नावाचा जो स्नायू खवाटा बरगडीला धरून ठेवतो तो फ्रीस्टाइलच्या अख्ख्या स्ट्रोकभर काम करत असतो, त्याला विसावाच नाही. दुखऱ्या खांद्यांत पाणी ओढताना नेमकं त्याचंच काम कमी पडलेलं आढळतं.

मग बाकावर एक हात टेकून डंबेल रो (डंबेल कमरेकडे वर ओढणे), ३ सेट, दोन्हीकडे ८ ते १०. १० किलो हलकं पडू लागलं तर वजनाची वाट न बघता वर दोन सेकंद थांबा आणि तीन सेकंदांत खाली आणा.

आता छोटे स्नायू. कुशीवर झोपून बाहेर फिरवणे: वरचं कोपर बरगडीशी, मध्ये घडी घातलेला नॅपकिन, डंबेल १ किलो. वर एक सेकंदात, खाली तीन सेकंदांत, ३ सेट, १५ वेळा. पंधराही स्वच्छ झाले तरच अर्धा किलो वाढवा. मुलं इथे ३ किलोच्या वर हमखास उडी मारतात. मग अंग मागे लवंडतं, कोपर सुटतं, आणि काम कफऐवजी पाठ करते. नॅपकिन खाली पडला तर तो आकडा मोजायचा नाही, हा नियम ठेवा, आपोआप शिस्त लागते.

त्यानंतर बाकाला विटांनी उतार देऊन त्यावर पालथं झोपायचं, हात इंग्रजी वाय अक्षरासारखे पुढे वर, अंगठे आढ्याकडे. अर्धा ते एक किलो, ३ सेट, १०, वर दोन सेकंद थांबून. डंबेल कमी पडले तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, अर्धा किलो तोलून मिळतात. चूक दिसेल ती अशी: खांदे कानाकडे चढतात आणि कंबरेतून वाक येतो. हनुवटी आत, पोट आवळलेलं, आणि खवाट्याची खालची टोकं खिशाकडे न्यायची असं सांगा. कोचिंगच्या भाषेपेक्षा 'खिशाकडे' लवकर समजतं.

बुधवारी वजन नाही, नियंत्रण. अस्वलचाल (हात-पाय टेकून चालणे), गुडघे जमिनीपासून चार बोटं वर, १० मीटर पुढे, १० मागे, ४ फेऱ्या. बाजूचा प्लँक वरचा हात सरळ आकाशाकडे ठेवून, ३० सेकंद, दोन्हीकडे ३ वेळा. कोपर खांद्याच्या रेषेत, काटकोनात ठेवून बँड बाहेर फिरवणे, ३ सेट, १२. बँड लाल किंवा हिरवा पुरे, निळा घेऊन दात ओठ खाऊ नका. शिवाय डेडबग (पाठीवर पडून विरुद्ध हात-पाय आळीपाळीने लांब करणे) ३ सेट, आणि पायांसाठी एका पायावरची बैठक, कारण स्टार्ट आणि टर्नचा जोर तिथून येतो.

डिप्स काढून टाका. दंड पाठीमागे नेऊन त्यावर अख्खं वजन टाकणं म्हणजे त्याच पुढच्या कॅप्सूलवर दुसरा घाव. चेस्ट प्रेसचं वावडं नाही, जमिनीवर झोपून करा म्हणजे कोपर पाठीच्या रेषेच्या खाली जाणार नाही. पण ओढण्याचे दोन सेट झाले की ढकलण्याचा एक, हे प्रमाण ठेवा. जोरांबद्दल: आपले तालमीतले जोर वाईट नाहीत, फक्त शेवटी छाती पुढे काढून कंबर खाली सोडतो तिथे खवाटे मागे ढकलले जातात. जलतरणपटूंना शेवट प्लसने करायला लावा.

पाणघोडा

जमिनीवरचं सगळं बरोबर असलं तरी पाण्यात हात चुकीचा पडत असेल तर दीड हजार वेळा चुकीचा पडणार. दुखणाऱ्या चौघांना पुढून आणि बाजूने मोबाइलवर टिपा, शेवटच्या सेटमध्ये. ताज्या दमात सगळे सुंदर पोहतात.

काय बघायचं? हात पाण्यात शिरताना डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडतो का. अंगठा आधी, तळहात बाहेर वळवून शिरतो का. हे एके काळी शिकवलं जायचं, त्यामुळे जुन्या हातांत अजून दिसतं. दोन्हीत दंड आत वळलेल्या अवस्थेत वर जातो आणि टेंडनला जागा कमी पडते. मधलं बोट आधी, तळहात खाली, खांद्याच्या रेषेत. तिसरं म्हणजे रोल. खांदे एका बाजूला ३० ते ४५ अंश वळले नाहीत तर हात पाण्यावरून पुढे आणताना कोपर पाठीमागे रेटावं लागतं.

चौथी गोष्ट श्वास. उजवीकडे श्वास घेताना पुढे असलेला डावा हात आधार म्हणून खाली दाबला जातो, कोपर पडतं. एकाच बाजूला श्वास घेणाऱ्याचं दुखणं बऱ्याचदा विरुद्ध खांद्यात निघतं. वॉर्मअप आणि सोपे सेट तीन हातांनी एक श्वास करून टाका.

सामानाबद्दल दोन शब्द. हात लांब करून किकबोर्ड दाबत १० लेंथ किक मारणं दुखऱ्या खांद्याला सगळ्यात वाईट. बोर्ड खालच्या कडेला, कोपरं वाकवून धरा, नाहीतर पाठीवर किक करा. पॅडल (तळहाताला बांधायच्या चपट्या पट्ट्या) तळहाताहून जेमतेम मोठे, आणि दुखत असेल त्याला अजिबात नाही.

आणि सेमिस्टर परीक्षा! तीन आठवडे पाणी बंद, मग आंतरविद्यापीठ जवळ आलं म्हणून सोमवारी थेट ४ किलोमीटर. निम्म्या खांद्यांची वाट इथेच लागते. परतल्यावर पहिला आठवडा निम्मं अंतर, पॅडल नाही, बटरफ्लाय फक्त २५ मीटरच्या तुकड्यांत. पुढे दर आठवड्याला थोडं अंतर वाढवा किंवा वेग वाढवा, एका आठवड्यात दोन्ही नको. वहीत रोज एक आकडा लिहा: सरावाची मिनिटं गुणिले मुलाने सांगितलेला कष्टाचा अंक, शून्य ते दहा. ९० मिनिटं, अंक ६, म्हणजे ५४०. आठवड्याची बेरीज अचानक दीडपट झालेली दिसली की थांबायचं.

एका बाबतीत मात्र जोरबैठक यांच्याशी पटत नाही. पाण्याआधी बँड हवाच. थंड सकाळी थेट पाण्यात उतरवलं तर पहिले ४०० मीटर खवाटा झोपलेलाच असतो.

जोरबैठक

@पाणघोडा, जागं करायला माझी ना नाही, थकवायला आहे. पाण्याआधी सहा मिनिटं पुरे: कुशीवर झोपून छाती उघडत मणका फिरवणे दोन्हीकडे ८, भिंतीवर हात सरकवणे १०, पिवळ्या बँडने बाहेर फिरवणे एकच सेट १२, आणि प्लँकमध्ये खवाटे ढकलणे १०. मग हात गोल फिरवून पाण्यात. कफ जळायला लागला तर जास्त झालं. एकाच जागी धरून ठेवायचं लांबलचक स्ट्रेचिंगही पाण्याआधी नको, मिनिटभराच्या वर धरलं की तात्पुरता जोर कमी होतो. ते सरावानंतर.

पाणघोडा

मग भांडण मिटलं.

लेन चार

सगळ्यांचे आभार, हे छापून नोटीस बोर्डावर लावण्यासारखं आहे. चार शंका उरल्या.

एक, स्ट्रेचिंग लागेल त्या चारपाच जणांना नेमकं काय द्यायचं? दोन, दुखणाऱ्यांत एक बटरफ्लायवाली मुलगी आहे, तिची कोपरं उलटी वाकतात, अंगठा मनगटाला लागतो. तिचं वेगळं काही? तीन, एका पालकांनी मुद्गल सुचवलेत. चार, दुसऱ्या एका मुलाला थेट इंजेक्शन घेऊन स्पर्धेला उतरायचंय, त्याला काय सांगू?

सांधेजोड

लॅट आखडलेल्यांना: गुडघ्यांवर बसून दोन्ही कोपरं बाकावर, हातात काठी, तळहात स्वतःकडे. कंबर न वाकवता नितंब मागे टाचांकडे न्यायचे. ३० सेकंद, ४ वेळा. ताण काखेच्या मागे बरगडीवर जाणवला पाहिजे. खांद्याच्या टोकाला टोचलं तर कोपरं थोडी दूर घ्या, तरीही टोचलं तर हा व्यायाम त्याचा नाही.

छातीच्या छोट्या स्नायूसाठी सतरंजीची लांब गुंडाळी करून कण्याखाली उभी ठेवा, त्यावर पडून हात ४५ अंशांत बाजूला सोडा, दोन मिनिटं. वजन नाही, कुणी दाबायचं नाही. मणक्यासाठी तीच गुंडाळी आडवी, खवाट्यांच्या खालच्या टोकांशी, डोक्याला हातांचा आधार देऊन मागे वाकणं १० वेळा, मग गुंडाळी दोन बोटं वर सरकवून पुन्हा. आतला फिरणा एका बाजूला दुसरीपेक्षा बराच कमी निघाला तर खवाटा भिंतीला टेकवून तो हात छातीसमोरून आडवा ओढायचा, ३० सेकंद, ४ वेळा. खवाटा भिंतीला टेकवला नाही तर तोच सरकतो आणि सांध्याच्या मागच्या बाजूला काही मिळत नाही.

त्या मुलीची बेटन चाचणी करा, नऊ गुणांची असते. करंगळी ९० अंशांच्या पलीकडे मागे जाणे, अंगठा मनगटाला लागणे, कोपर आणि गुडघा १० अंशांहून जास्त उलटा वाकणे, या चारांचा दोन्ही बाजूंना एकेक गुण, आणि गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकले तर नववा. पाच किंवा जास्त आले तर तिला खांद्याचं कसलंही स्ट्रेचिंग नाही. तिला 'आखडल्यासारखं' वाटतं म्हणून ती स्वतःहून दारात हात अडकवून ताणत असेल, ते आधी थांबवा. सैल सांधा सांभाळताना स्नायू आवळून बसतात, आखडलेपणा त्याचा असतो. तिला टोकाच्या स्थितीत न हलता धरण्याचे व्यायाम द्या: स्ट्रीमलाइनमध्ये (दोन्ही हात डोक्यावर सरळ ताणून) भिंतीकडे पाठ करून बँड पुढे वर धरून २० सेकंद, ५ वेळा, आणि अस्वलचाल रोज. पुलअपला पूर्ण लोंबकळू देऊ नका, खालीही खवाटे किंचित ओढलेले हवेत. पाण्यात सहा आठवडे बटरफ्लायचा मोठा भाग एका हाताच्या ड्रिलने.

इंजेक्शनचं. सराव करताना दुखणं दहापैकी दोनतीन अंकांपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत होत असेल तर अंतर कमी करून चालू ठेवता येतं. रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, हाताला मुंग्या, खांदा निसटल्यासारखं वाटणं, दुखऱ्या खटक्यासह अडकणं, किंवा दोन आठवडे आराम देऊनही तसंच राहणं, यातलं काहीही असेल तर स्पोर्ट्स ऑर्थोपेडिक डॉक्टर. गोळी घेऊन दुखणं दाबून सरावाला उतरवू नका. आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन, मग ते सांध्यातच का असेना, १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात जागतिक उत्तेजकविरोधी यादीप्रमाणे निषिद्ध आहे. दुखापतीवर वैद्यकीय गरज म्हणून घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधीच 'हा स्पर्धक आहे' हे सांगायचं, औषधाचं नाव नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत तपासायचं आणि सूट लागते का ते विचारायचं. मुलांना वाटतं बंदी फक्त बॉडीबिल्डिंगच्या स्टेरॉइडवर असते.

जोरबैठक

मुद्गल चालेल, पण ज्यांचे खांदे आखडलेत त्यांनाच. डोक्यामागून फिरवताना वजन दंडाला टोकाच्या बाहेरच्या फिरण्यात खेचतं, आणि सैल खांद्याला तेच नको असतं. एक ते दीड किलोचा, एका हाताने, दोन्हीकडे १५ फेऱ्या, २ सेट, बुधवारी. तालमीतले जुने मुद्गल सात-आठ किलोंच्या पुढे असतात, ते पैलवानांसाठी. बरगड्या पुढे फुगल्या किंवा कंबर वाकली की मुद्गल जड आहे असं समजायचं.

सहा आठवड्यांनी सांधेजोड यांची तिन्ही मोजमापं पुन्हा घ्या, त्याच वेळी, सरावाआधी. पोहून झाल्यावर मोजलं तर फिरणा कमीजास्त येतो आणि तुलना फुकट जाते.

निळी टोपी

एक छोटी भर. बँड तलावाच्या कठड्यावर ओले टाकून ठेवू नका. क्लोरीन आणि उन्हाने रबर दोनतीन महिन्यांत चिरतं, आणि ताणलेला बँड सुटला तर थेट डोळ्यावर बसतो. वापरून झाला की साध्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवून थोडी टाल्कम पावडर लावायची. दर सोमवारी उजेडासमोर ताणून बघायचा, बारीक चीर किंवा पांढुरका डाग दिसला की फेकायचा. गाठ मारून पुन्हा वापरायचा नाही, तुटतो तो गाठीपाशीच. खांबाला बांधताना खडबडीत लोखंडावर थेट न बांधता मध्ये जुना टॉवेल घाला.